गळ्यातली गाठ आणि घरची माणसे

गळ्याला गाठ आली की कोणी लेप लावतो, कोणी डाग देतो. गळ्यातल्या बहुतेक गाठी साध्या असतात. पण थोड्या कर्करोगाच्या निघतात, आणि वरून पाहून ते कळत नाही. म्हणून यवतमाळच्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात दाखवावे.

कंठमण्याच्या खाली फुलपाखराच्या आकाराची एक ग्रंथी असते. तिला थायरॉईड म्हणतात. डॉक्टर बारीक सुईने गाठीतला अंश काढून तपासतात. सुई टोचली की रोग पसरतो, असे लोक बोलतात. ते खरे नाही.

कर्करोग म्हटला की घरात रडारड सुरू होते. "आता कशाला पैसा घालता?" असे भाऊबंद म्हणतात. इथेच घात होतो. थायरॉईडचा नेहमी आढळणारा कर्करोग हळू वाढतो. वेळेवर उपचार झाले तर बहुतेक माणसे बरी होतात. खर्चाचे म्हणाल, तर महात्मा फुले जनआरोग्य योजना आहे. योजनेतल्या दवाखान्यात आरोग्यमित्र बसतो. त्याला शिधापत्रिका दाखवून विचारावे.

आधी शस्त्रक्रिया करून ग्रंथी काढतात. त्यानंतर बोटांना किंवा ओठांना मुंग्या आल्या तर सोबत्याने लगेच डॉक्टरांना सांगावे. अंगातला चुना कमी झाल्याची ती खूण असते.

मग काही रोग्यांना किरणे सोडणारे आयोडीन पाजतात. मुंबईला परळ येथे 1963 साली रेडिएशन मेडिसिन सेंटर निघाले. तेथे हा उपचार होतो. आपल्या लोकांना धामणगावला मुंबईची गाडी मिळते. दवाखान्याचा दाखला असला तर स्लीपर डब्यात कर्करोगाच्या रोग्याला भाडे पडत नाही, आणि सोबत्याला पाऊण भाग सूट मिळते. दादरला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे. तेथे कर्करोगाचे रोगी व त्यांचे सोबती राहतात. बाबा आपल्याच वऱ्हाडचे.

औषध घेतल्यावर रोग्याला काही दिवस खोलीत एकटे ठेवतात. घरी आल्यावरही लहान मुले आणि गरोदर बाया यांना डॉक्टर सांगतील तितके दिवस दूर ठेवावे लागते. हे पाहून शेजारी म्हणतात, रोग लागट आहे. नाही हो! कर्करोग लागत नाही. किरणे औषधाची असतात. त्यांचा जोर आठ दिवसांत निम्मा होतो, पुढच्या आठांत त्याच्याही निम्मा. मुदत सरली की पोर आईच्या मांडीवर द्यावे. तरीही तिचे ताट वेगळे ठेवणारी घरे असतात. आम्हाला हे फार वाईट वाटते. एकटेपणाच्या त्या दिवसांत दाराबाहेरून बोलावे, फोन करावा, गोठ्यातल्या गाईचे, पऱ्हाटीचे सांगावे.

अंगावर पाजणारी किंवा दिवस गेलेली बाई असेल तर हे औषध घेण्याआधीच डॉक्टरांना सांगितले पाहिजे.

ग्रंथी काढली की रोज एक गोळी जन्मभर घ्यावी लागते. बरे वाटले म्हणून ती सोडू नये. कापूस वेचणीच्या घाईत ती हटकून राहते. तेव्हा घरच्याने आठवण द्यावी. उपाशीपोटी पाण्याबरोबर आधी गोळी, आणि चहा अर्ध्या तासाने.