टीम 'इज' की टीम 'आर'?

जबलपूरच्या गोहलपूर भागात वाढणारे मराठी मूल एकाच दिवसात तीन भाषा बोलते. गल्लीत ते 'पुलिस आई' म्हणते, घरात 'पोलीस आले' सांगते आणि शाळेच्या वहीत 'द पोलीस हॅव कम' लिहिते. हिंदीत एकवचन, तर मराठीत आणि इंग्रजीत अनेकवचन! मग 'द टीम'पुढे 'इज' लिहावे की 'आर', अशा गोंधळात ते पडले तर नवल काय?

'टीम एकच, म्हणून इज,' असे सांगून पालक मोकळे होतात. हे उत्तर चूक नाही, पण अपुरे आहे. टीम, फॅमिली, कमिटी ही समूहवाचक नामे. समूह एकजीव मानला तर एकवचन. त्यातली माणसे वेगवेगळी डोळ्यांपुढे असली तर अनेकवचन. समितीने निर्णय घेतला, तर 'द कमिटी हॅज'. सभासदांचे आपसांत पटत नसेल, तर 'द कमिटी आर'ही चालते. अमेरिकेत बहुधा एकवचनच वापरतात. ब्रिटनमध्ये दोन्ही रूपे रूढ आहेत. म्हणूनच ब्रिटिश वळणाच्या क्रिकेटच्या बातमीत 'इंडिया आर' दिसते. तेथे इंडिया म्हणजे अकरा खेळाडू. राजकारणाच्या बातमीत तोच शब्द देशासाठी येतो आणि 'इंडिया इज' होतो. पोलीस, पीपल आणि कॅटल हे शब्द मात्र दोन्ही देशांत अनेकवचनीच.

ही रीत आपल्याला परकी नाही. 'मंडळी जेवायला बसली आहे' आणि 'मंडळी जेवायला बसली आहेत', ही दोन्ही वाक्ये मराठी घरांत कानी पडतात. पंगत पाहिली की 'आहे', पानावरची माणसे पाहिली की 'आहेत'. मुलांना इंग्रजीचा नियम या पंगतीवरून समजावला, तर तो पाठ करावा लागणार नाही.

एक पथ्य मात्र पाळावे. एकाच वाक्यात आधी 'इज' आणि मग त्याच टीमसाठी 'दे' असे मिश्रण करू नये. 1926 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या इंग्रजी वापरकोशात हेन्री फाउलर यांनीही अशी सरमिसळ टाळायला सांगितले होते. परीक्षेसाठी शाळेत शिकवलेली रीतच धरून ठेवणे सोयीचे.

आणि 'आर' लिहिल्याबद्दल एखादा गुण कापला गेला, तर मुलावर रागावण्याआधी ते वाक्य एकदा नीट वाचावे. कदाचित त्याने टीमऐवजी टीममधली माणसे पाहिली असतील.