कानात आवाज: भ्रम नव्हे, आणि निरुपायही नव्हे

कानात शिट्टी वाजते, रातकिड्यांसारखी किरकिर चालू राहते, आणि शेजारच्याला काहीच ऐकू येत नाही. मग माणसाला स्वतःच्याच डोक्याची शंका येते. अनेक जण त्यामुळे घरात बोलतही नाहीत. पण टिनिटस, म्हणजे कानातला हा आवाज, भ्रम नाही. १९५३ साली हेलर आणि बर्गमन या संशोधकांनी चांगलं ऐकू येणाऱ्या ८० जणांना आवाजबंद खोलीत बसवलं, तेव्हा त्यांतल्या ९४ टक्के लोकांना कसला ना कसला आवाज ऐकू आला.

आवाज कानात येतो म्हणजे सगळा दोष कानातच, हेही अर्धवट. सुरुवात बहुधा तिथे होते. वयाने किंवा डीजेसारख्या कर्कश आवाजाने अंतःकर्णातल्या केसपेशी मरतात, आणि माणसात त्या पुन्हा तयार होत नाहीत. तिकडून संदेश कमी येऊ लागले की मेंदू स्वतःची संवेदनशीलता वाढवतो आणि त्यातून हा आवाज उमटतो, असं बहुतेक संशोधक मानतात. ऐकण्याची नस कापूनही कित्येकांचा आवाज थांबलेला नाही. मग कानात लसणीचं तेल ओतून काय साधणार? पडद्याला छिद्र असेल तर उलट इजाच होईल. मळ साठल्याने आवाज येत असेल तर तो काढल्यावर थांबतो. मात्र मळ डॉक्टरांनीच काढावा. जास्त मात्रेतली अ‍ॅस्पिरिन, जेंटामायसिन, सिस्प्लॅटिन या औषधांनीही हा त्रास होऊ शकतो, पण चालू औषध आपल्या मनाने बंद करू नये.

‘याला उपाय नाही, सवय करून घ्या’ हा सल्ला मला सर्वांत निर्दय वाटतो. आवाज कायमचा बंद करणारी गोळी आज नाही, हे खरं. जिंको या वनस्पतीच्या गोळ्यांवरही पैसे घालवू नयेत. पण ऐकू कमी येत असेल तर श्रवणयंत्राने बाहेरचे आवाज परत येतात आणि आतला मागे पडतो. पूर्ण शांततेत तो जास्त बोचतो, म्हणून रात्री पंखा किंवा मंद रेडिओ चालू ठेवावा. सीबीटी या मानसोपचाराने आवाज कमी होत नाही, त्याची धास्ती आणि त्रास कमी होतो. याला चांगला पुरावा आहे.

आवाज एकाच कानात असेल, नाडीच्या ठोक्याबरोबर येत असेल किंवा सोबत चक्कर असेल तर तपासणी टाळू नये. अचानक ऐकू येईनासं झालं तर त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञांना गाठावं, कारण स्टेरॉइडचा उपयोग मुख्यतः पहिल्या दोन आठवड्यांतच होतो.