रिफॉर्म्ड सेमिनरी निवडताना



एप्रिल उजाडला की आमच्याकडे अर्ज येऊ लागतात. पाड्यावरच्या मंडळीतला एखादा तरुण पाळकीय सेवेसाठी शिकायला निघालेला असतो, मंडळीने वर्गणी जमवलेली असते आणि प्रश्न एकच असतो, "चांगली रिफॉर्म्ड सेमिनरी कोणती?" अर्जांची छाननी माझ्याकडे असल्याने उमेदवारांना जे सांगतो, तेच आज तुम्हांला सांगतो. त्यांच्या शिक्षणाचा भार तुम्हीच उचलता.

रिफॉर्म्ड म्हणजे जॉन कॅल्व्हिन व त्याच्या सोबत्यांच्या शिकवणीतून उभी राहिलेली परंपरा. शिकलेला पाळक हा तिचा सुरुवातीपासूनचा आग्रह. जिनीव्हात १५५९ साली अकादमी निघाली आणि तिथे शिकलेले पाळक छळ सोसणाऱ्या फ्रान्समधल्या मंडळ्यांकडे गेले. आपल्याकडे १८२९ साली मुंबईत आलेले स्कॉटिश मिशनरी डॉ. जॉन विल्सन याच परंपरेतले. कोल्हापूरकडचे अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनही त्यातलेच.

या मंडळ्या आपला विश्वास लिहून ठेवतात. १५६३ सालची हायडेलबर्ग प्रश्नोत्तरावली १२९ प्रश्नांची, तर वेस्टमिन्स्टरची लघु प्रश्नोत्तरावली १०७ प्रश्नांची. म्हणून सेमिनरीला पहिला प्रश्न असा विचारावा : तुमचे शिक्षक कोणत्या विश्वासांगीकाराला बांधलेले आहेत, आणि त्यावर त्यांची सही असते का? हल्ली देवाच्या निवडीविषयीचे कॅल्व्हिनचे मत मानणारा कोणीही स्वतःला रिफॉर्म्ड म्हणवतो. पण बालकांचा बाप्तिस्मा, प्रभुभोजन, वडिलांच्या हाती असलेला मंडळीचा कारभार, यांत मते फार वेगळी असू शकतात. आमच्या माहितीतला एक तरुण शिकून परतला आणि लेकरांचे झालेले बाप्तिस्मे खरे नव्हेत असे आयांना सांगू लागला. वीस-पंचवीस घरांच्या मंडळीत दोन चुली झाल्या. आजही रविवारी दोन ठिकाणी उपासना होते. त्या सेमिनरीने काही लपवले नव्हते. पाठवताना कोणी विचारलेच नव्हते.

दुसरा प्रश्न भाषेचा. हिब्रू आणि ग्रीक सक्तीची असावी, असे माझे ठाम मत आहे. पण त्याआधी इंग्रजी आडवी येते. देहरादूनच्या प्रेस्बिटेरियन सेमिनरीसारख्या ठिकाणी इंग्रजीवाचून निभावत नाही, आणि आमचा उमेदवार घरी पावरी किंवा वारली बोलतो, शाळा मराठीतून शिकतो. ही तयारी प्रवेशाआधी करून घ्यावी लागते. शिवाय सुट्टीत त्याने घरच्या बोलीत संदेश द्यावा, अशी आमची अट असते. तीन वर्षांत माणूस छान इंग्रजी संदेश द्यायला शिकतो आणि आजीला कृपा म्हणजे काय ते सांगताना अडखळतो, हे पाहिले आहे.

पदवीविषयी थोडक्यात. १८१८ साली स्थापन झालेल्या सेरामपूर कॉलेजला पदवी देण्याचा कायदेशीर अधिकार आहे. अनेक ईश्वरविज्ञान महाविद्यालये त्याला जोडलेली आहेत. एशिया थिऑलॉजिकल असोसिएशनची मान्यता ही ख्रिस्ती संस्थांनी केलेली दर्जाची पारख, सरकारी मान्यता नव्हे. पाड्यावरच्या पाळकाचे यावाचून फारसे अडत नाही. पुढे शिकवायचे असेल तर मात्र चौकशी करावी.

पुण्याची युनियन बिब्लिकल सेमिनरी, जी १९८३ साली यवतमाळहून तिथे आली, ती अनेक पंथांची मिळून आहे. ती रिफॉर्म्ड नाही. तरी ज्याच्या मंडळीतले वडील त्याला प्रश्नोत्तरावली नीट शिकवू शकतात, त्याला मी दूर पाठवण्यापेक्षा पुण्याला पाठवीन. घर जवळ राहते, पत्नी-मुलांची सोय करणे त्या मानाने सोपे जाते.

आणि सेमिनरी पाळक घडवून देत नाही हेही लक्षात असू द्या. पाचारण पारखणे आणि दीक्षा देणे हे मंडळीचे काम. म्हणून अर्जासोबत वडिलांचे पत्र लागते : हा आजाऱ्यांना भेटतो का, मयताच्या घरी रात्रभर बसतो का, घरच्यांशी कसा वागतो? गुणपत्रिकेच्या आधी मी ते वाचतो. यंदा दोन अर्ज याच कारणाने थांबवले आहेत. गुण दोघांचेही उत्तम आहेत, पण वडिलांची पत्रे अजून आलेली नाहीत.