एका सहीची चाळीस वर्षं

रक्ताच्या कॅन्सरचं मूल वाचेल, असं १९७० च्या दशकात आपल्याकडचा कुठलाही डॉक्टर छातीठोकपणे सांगू शकत नव्हता. नामांकित कॅन्सर रुग्णालयांतही आजार न उलटता चार वर्षं काढणारी मुलं वीस टक्केसुद्धा नव्हती. १९८४ पासून परळचं टाटा मेमोरियल, दिल्लीचं एम्स आणि मद्रासची कॅन्सर इन्स्टिट्यूट यांनी एकच उपचारक्रम वापरायला घेतला. नाव रुक्ष, एमसीपी-८४१. टाटात डॉ. सुरेश अडवाणी आणि अमेरिकेतून डॉ. इयन मॅग्रॅथ ही त्यामागची मोठी नावं. तो पंचवीस वर्षांखालच्या मुलांना आणि तरुणांना दिला गेला. चार वर्षांचा तो आकडा ४५ ते ६० टक्क्यांवर पोचला. पुढे १९९० ते ९७ मधल्या १,०४८ रुग्णांच्या नोंदी २००५ मध्ये प्रसिद्ध झाल्या.

हे १,०४८ रुग्ण ‘प्रयोगाला’ बसले होते का? आईबापांच्या पोटात गोळा आणणारा प्रश्न हाच. लहानांच्या कॅन्सरमध्ये उपचाराऐवजी साखरेची गोळी देऊन पाहत नाहीत. माहीत असलेला उत्तम उपचार सगळ्यांनाच मिळतो, तुलना होते ती त्यातल्या एखाद्या औषधाची किंवा मात्रेची. २०१६ मध्ये देशातल्या अनेक केंद्रांत सुरू झालेला ‘आयसिकल’ अभ्यास याच जातीचा: औषधांचा विषारीपणा कमी करूनही मुलं तितकीच बरी होतात का?

मात्र अभ्यास टिकतो तो परत येणाऱ्यांवर. उपचार दोन-अडीच वर्षं चालतो. काउंट सुधारले, पोर खेळायला लागलं, की शेतीची कामं आणि भाड्याचे पैसे आड येतात. मुंबईत २००६ मध्ये सुरू झालेल्या सेंट ज्यूड चाइल्डकेअर सेंटर्ससारख्या निवाऱ्यांना म्हणूनच मी प्रयोगशाळेइतकंच संशोधनाचं साधन मानतो.

विश्वासाला तडा गेला तो दुसरीकडे. आंध्र आणि गुजरातमध्ये मुलींना गर्भाशयमुखाच्या कॅन्सरविरुद्धची एचपीव्ही लस देण्याचा प्रकल्प २०१० मध्ये थांबवावा लागला. आंध्रात कित्येक संमतीपत्रांवर पालकांऐवजी वसतिगृहाच्या वॉर्डनच्या सह्या होत्या. तोवर, २००९ पासून, चाचण्यांची सरकारी नोंदणी सक्तीची झाली होती. २०१३ मध्ये संमती घेतानाचं चित्रीकरण आलं, २०१९ मध्ये नवे नियम. वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार सात वर्षांवरच्या मुलाचा तोंडी, बारावरच्याचा लेखी होकार लागतो, पालकांची सही वेगळी. उशिरा आलं, पण आलं.

या काळात संशोधनाचा मुक्काम पनवेलच्या बाजूला सरकला. टाटाची कॅन्सर रिसर्च इन्स्टिट्यूट २००२ मध्ये परळहून खारघरला आली आणि ‘ॲक्ट्रेक’ झाली. खारघर आज पनवेल महापालिकेत आहे. कोकणातून आलेलं कुटुंब पनवेलला उतरलं, की लोकलने तिसरं स्टेशन.

४ जून २०२१ रोजी देशातली पहिली कार-टी पेशी उपचारपद्धती इथेच दिली गेली. रुग्णाच्याच रक्तातल्या टी पेशी काढायच्या, आयआयटी मुंबईने विकसित केलेल्या जनुकीय बदलाने त्यांना कॅन्सरपेशी ओळखायला शिकवायचं आणि परत सोडायच्या. फिलाडेल्फियात २०१२ मध्ये सहा वर्षांच्या एका मुलीवर अशाच प्रकारचा उपचार झाला होता. परदेशात त्याची किंमत कोटींत, इथे ती दहाव्या हिश्श्यापर्यंत आली. इथल्या चाचणीच्या पहिल्या दोन टप्प्यांत ६४ जण सहभागी झाले. परिणाम मोजता आलेल्या ५१ पैकी ३७ जणांना गुण आला, दोघांचे मृत्यू मात्र उपचाराशी जोडले गेले. हे दोन मृत्यू ३७ च्या आकड्याइतक्याच ठळकपणे सांगितले जावेत, असं मला वाटतं. पुढच्या आईबापांनी सही करायची ती दोन्ही आकडे ऐकूनच.

ऑक्टोबर २०२३ मध्ये या उपचाराला मान्यता मिळाली, ती पंधरा वर्षं आणि त्यापुढच्या रुग्णांसाठी. त्याहून लहानांची वाट तेव्हाही अभ्यासातूनच जात होती.