बांबूचा ऑर्गन
फिलिपिन्समध्ये मनिलाजवळच्या लास पिन्यासच्या चर्चमधला पाइप ऑर्गन बांबूचा आहे. त्याच्या १,०३१ नळ्यांपैकी ९०२ बांबूच्या, बाकीच्या धातूच्या. दिएगो सेरा या स्पॅनिश धर्मगुरूने १८१६ मध्ये काम हाती घेतले. बांबूला कीड लागते, म्हणून तोडलेले बांबू समुद्रकाठच्या वाळूत कित्येक महिने पुरून ठेवले. त्यातून जे शाबूत निघाले तेच कामाला आले.

भात्याने भरलेली हवा नळ्यांखालच्या पेटीत साठते. पट्टी दाबली की झडप उघडते, हवा नळीत शिरून ओठासारख्या खाचेच्या धारेवर आपटते आणि सूर उमटतो. तत्त्व बासरीचेच, पण इथे प्रत्येक स्वराला स्वतंत्र नळी. नळी जितकी लांब, तितका सूर खर्जाचा. तुतारीच्या आवाजाच्या नळ्यांत मात्र हार्मोनियमसारखी पितळी पत्ती थरथरते. त्या सेराने धातूच्याच केल्या आणि १८२४ मध्ये ऑर्गन पुरा झाला.

पुढे भूकंपांनी आणि वादळांनी त्याची दैना केली. अखेर १९७३ मध्ये तो सुटा करून जर्मनीत बॉनच्या क्लाइस कारखान्यात नेला. दुरुस्त होऊन १९७५ मध्ये तो परतला आणि आजही वाजतो.