पाचटाचा वायू, भट्टीचा जाळ

कापसाची शेवटची वेचणी झाली की नंदुरबार जिल्ह्यातल्या शेतांच्या बांधांवर पऱ्हाटीचे ढीग उभे राहतात. नंदुरबारहून प्रकाशामार्गे तापी ओलांडून शहाद्याकडे गेलात, तर ऊसतोड झालेल्या फडांत पाचटाचा जाड थर पडलेला दिसेल. यातली थोडी पऱ्हाटी चुलीत जाते, थोडे पाचट शेतात कुजवले जाते, आणि उरलेल्याला पुष्कळदा काडी लावली जाते. तासाभरात रान मोकळे होते. त्याच वेळी एखाद्या औद्योगिक वसाहतीत भट्टी तापवण्यासाठी टँकरने आणलेले तेल जळत असते.

वाळलेल्या पाचटाच्या एका किलोत सुमारे १७ मेगाज्यूल उष्णता असते. भट्टीच्या तेलात किलोमागे ४० हून थोडी जास्त. म्हणजे अडीच किलो पाचट हे एक किलो तेलाच्या बरोबरीचे झाले. मग तेलाऐवजी भट्टीत पाचटच का घालत नाहीत?

वाळलेले पाचट पेटलेले तुम्ही पाहिले असेल, तर उत्तर तुम्हाला ठाऊक आहे. भडका उडतो आणि दोन मिनिटांत राख होते. भट्टीला असा जाळ चालत नाही. चिनी मातीच्या वस्तू भाजायच्या तर तापमान तासन्‌तास एका पातळीवर राहिले पाहिजे. मालावर राख बसता कामा नये. आणि जाळ कमी-जास्त करणे हे नळाची तोटी फिरवण्याइतके सोपे हवे. ही शिस्त द्रव आणि वायुरूप इंधनांना जमते, पाल्यापाचोळ्याला नाही. म्हणून पाचट जाळण्याआधी त्याचा वायू करायचा. हे काम करणाऱ्या यंत्राला वायुजनित्र म्हणतात. कारखान्यातली माणसे त्याला गॅसिफायर या नावाने ओळखतात.

घन पदार्थाचा जळणारा वायू कसा होतो, हे समजायला दोन साध्या गोष्टी पुरेत. एक पेटलेली मेणबत्ती फुंकून विझवा. वातीतून पांढरा धूर निघेल. लगेच एक जळती काडी वातीच्या बोटभर वर, त्या धुरात धरा. ज्योत धुरावरून खाली उडी मारून वात पुन्हा पेटवते! जळत होते ते घन मेण नव्हे, तर त्याची वाफ. लाकूड, गोवरी, पाचट यांचेही तसेच आहे. ती तापली की आधी वाफा आणि वायू सोडतात, आणि जी पिवळी ज्योत दिसते ती त्या वायूंची असते.

दुसरी गोष्ट म्हणजे लोणारी कोळशाची शेगडी. निखारे लालबुंद झाले की त्यांच्या वर निळसर ज्योती नाचताना दिसतात. खालच्या निखाऱ्यांना भरपूर हवा मिळते, तेथे कार्बन पुरता जळून कार्बन डायॉक्साइड तयार होतो. हा वायू वर जाताना दुसऱ्या लाल निखाऱ्यांमधून जातो. तेथे प्राणवायू संपलेला असतो, पण तापलेला कार्बन भरपूर असतो. तो कार्बन डायॉक्साइडमधला थोडा प्राणवायू हिसकावून घेतो आणि दोघांचाही कार्बन मोनॉक्साइड होतो. वर येऊन ताजी हवा मिळाली की हा कार्बन मोनॉक्साइड निळ्या ज्योतीने जळतो. ती निळी ज्योत शेगडीवर जळू न देता नळीने दुसरीकडे नेली, की झाले वायुजनित्र.

यात उष्णतेचा तोटा किती होतो, याचे गणित पाहण्यासारखे आहे. १२ ग्रॅम कार्बन पुरता जळला तर ३९४ किलोज्यूल उष्णता निघते. त्याचा नुसता कार्बन मोनॉक्साइड केला तर निघते फक्त १११. उरलेली २८३ किलोज्यूल त्या वायूतच राहते आणि तो भट्टीत जळेल तेव्हा मिळते. म्हणजे शंभरातले ७२ भाग हव्या त्या ठिकाणी नेता येतात. जनित्रात खर्च झालेले २८ भागही वाया जात नाहीत. निखारे लाल ठेवणे, पाचट वाळवणे, त्यातले वायू मोकळे करणे ही सारी कामे त्यांच्यावरच चालतात. शिवाय लाल निखाऱ्यांवरून पाण्याची वाफ गेली, तर कार्बन मोनॉक्साइडबरोबर हायड्रोजनही मिळतो. मात्र त्यासाठी उष्णता लागते. म्हणून इंधनात थोडा ओलावा असलेला चालतो, पण तो २० टक्क्यांच्या वर गेला की निखारे मंदावतात आणि वायू बिघडतो. साखर कारखान्याच्या गिरणीतून निघालेल्या ताज्या चिपाडात निम्मे पाणी असते. ते वाळवल्याशिवाय येथे उपयोगाचे नाही.

एक उणीव मात्र आहे. प्राणवायूसाठी जनित्रात हवा ओढावी लागते आणि हवेत चार-पंचमांश नायट्रोजन असतो. तो जळत नाही, नुसता वायूत मिसळून येतो. त्यामुळे तयार झालेल्या वायूत जवळजवळ निम्मा नायट्रोजन असतो, आणि एका घनमीटरला ४ ते ५ मेगाज्यूलच उष्णता मिळते. नैसर्गिक वायूत ती ३६ च्या वर असते. म्हणजे तेवढ्याच कामाला हा वायू सात-आठपट लागतो. नळ्या रुंद हव्यात आणि तेलाचे बर्नर काढून वेगळे बर्नर बसवायला हवेत.

हे यंत्र काही नवे नव्हे. सीमेन्स बंधूंनी १८६० च्या सुमारास काच आणि पोलाद वितळवणाऱ्या भट्ट्यांसाठी कोळशाचा वायू वापरला. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोल मिळेनासे झाले, तेव्हा युरोपात लाखो मोटारी आणि ट्रक लाकडाच्या व कोळशाच्या वायूवर धावले. आपल्याकडेही त्या काळात मागे उंच पिंप लावलेल्या, कोळशाच्या गॅसवर चालणाऱ्या बसगाड्या होत्या. घरात कोणी नव्वदी ओलांडलेले असेल तर विचारून पहा.

मग तेच पिंप आणून त्यात पाचट भरले तर? ती यंत्रे खाण्याच्या बाबतीत लाडावलेली होती. त्यांना मुठीएवढे, सारख्या आकाराचे, वाळलेले तुकडे लागत. त्यांच्या पोटात हवा शिरण्याच्या जागेखाली एक अरुंद गळा असे. सगळे वायू त्या सर्वांत तापलेल्या गळ्यातून जात, आणि त्यामुळे त्यांतले डांबर फुटून त्याचाही जळाऊ वायू होई. लाकडाचे तुकडे या गळ्यातून आपल्या वजनाने खाली सरकतात. पाचटाला वजनच नाही. लाकडाच्या तुकड्यांचा घनमीटर दोन-तीनशे किलोंचा भरतो, तर मोकळ्या पाचटाचा जेमतेम ५० किलोच्या आसपास. पाने एकमेकांत अडकून गळ्यावर कमान धरतात. खालचे निखारे संपतात, वरचे खाली येत नाही, आणि मग हवा एखाद्या पोकळीतून सुसाट जाऊन तेथे भलतीच आग होते.

त्या आगीतून दुसरे संकट येते. लाकडात राख टक्काभर, तर पाचटात ५ ते ८ टक्के. शिवाय या राखेत सिलिका आणि पोटॅश असते, म्हणजे काच बनवायचाच मसाला! तापमान फार वाढले की राख वितळते आणि थंड होताना तिचे दगड होतात. वीटभट्टीत जास्त भाजून एकमेकींना चिकटलेल्या विटांना खंगर म्हणतात. जनित्राच्या तळाशी अशी खंगर जमली की यंत्र बंद करून ती फोडून काढावी लागते.

हलक्या इंधनाच्या या खोडी ओळखून बनवलेल्या जनित्राचे एक चांगले उदाहरण आपल्याच राज्यात आहे. त्यासाठी नंदुरबारहून दक्षिणेला, सातारा जिल्ह्यातल्या फलटणला जावे लागेल. तेथे बनबिहारी निंबकर यांनी १९६८ साली स्थापन केलेली निंबकर कृषी संशोधन संस्था आहे. पुढे २०२२ साली पद्मश्री मिळालेले अनिल राजवंशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथे ऊस, बाजरी, गोड ज्वारी अशा पिकांच्या पाचट-ताटांवर चालणारे जनित्र विकसित केले. जोरापूर आणि राजवंशी यांनी त्याचे निष्कर्ष १९९७ साली प्रसिद्ध केले.

त्यांनी केलेला पहिला बदल म्हणजे गळाच काढून टाकला. जनित्र म्हणजे वरून उघडी, सरळ उभी भट्टी. आतला व्यास ७५ सेंटिमीटर, इंधनाच्या थराची उंची सव्वा मीटर. हवा आणि इंधन दोन्ही वरून शिरतात, वायू खालून ओढून घेतला जातो. ओढणारा पंखा भट्टीच्या पुढे नसून मागे असतो, आणि येथेच मला या रचनेतला सर्वांत शहाणा विचार दिसतो. कार्बन मोनॉक्साइड विषारी आहे. त्याला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूच्या दोनशेपट घट्ट चिकटतो. बंद खोलीत शेगडी ठेवून झोपलेली माणसे दगावतात ती यानेच. पंखा मागून ओढत असल्याने सगळ्या यंत्रात बाहेरच्यापेक्षा दाब कमी राहतो. कोठे फट पडलीच तर बाहेरची हवा आत जाते, विषारी वायू बाहेर येत नाही.

आता या भट्टीच्या भुकेचा अंदाज करू. ती ताशी २८८ ते १०८० मेगाज्यूल उष्णता वायूच्या रूपात देत असे. तेलाच्या भाषेत १०८० मेगाज्यूल म्हणजे सुमारे २८ लिटर. एका किलो पाचटापासून ९-१० मेगाज्यूल वायूत उतरते असे धरले, तर तासाला ११०-१२० किलो पाचट हवे. पण भट्टीचे पोट केवढे? व्यास आणि उंचीवरून घनफळ काढा. अर्ध्या घनमीटरच्या थोडे वर येईल. म्हणजे मोकळे पाचट एका वेळी २७ किलोच मावेल आणि पंधरा मिनिटांत संपेल! हाताने टाकत बसणे शक्य नाही. म्हणून ढिगापासून भट्टीपर्यंत पाचट वाहून नेणारा बंदिस्त सरकता वाहक बसवला आणि सगळ्याचे नियंत्रण स्वयंचलित केले. दिवसाचे पाचट पसरले तर तुमचा अर्धा वर्ग छतापर्यंत भरेल. ऊसतोड चार-पाच महिनेच चालते, त्यामुळे उरलेल्या महिन्यांची सोय गंजी लावूनच करावी लागते, आणि गंजीला आग व पाऊस दोन्हींचे भय.

खंगरीवरचा उपाय थोडा अनपेक्षित होता. कार्बनचा शेवटचा कण जाळण्याचा हट्ट त्यांनी धरला नाही. इंधनाच्या वजनाच्या सुमारे २४ टक्के भाग राखमिश्रित कोळसा म्हणून खालून बाहेर पडे, आणि दर पाऊण तासाने त्याची पिंपे रिकामी करावी लागत. या कोळशाच्या किलोत सुमारे १९ मेगाज्यूल उष्णता असते. हिशेब केलात तर दिसेल, की पाचटातली पावभर उष्णता यातच राहते. तोटाच म्हणायचा, पण कांड्या करून हा कोळसा चुलीत जाळता येतो किंवा शेतात परत घालता येतो. सगळे पाचट शेतातून उचलून नेले तर जमिनीला काय उरले, या शेतकऱ्याच्या प्रश्नाला हे निदान अर्धे उत्तर आहे.

राहिले डांबर. गळा काढल्यामुळे ते वायूत जास्त उरणार. हा वायू इंजिनात घालायचा तर घनमीटरमागे शंभर मिलिग्रॅम डांबरसुद्धा जास्त होते. झडपा चिकटून बसतात. पाण्याने धुवावे तर वायू थंड होतो आणि ते घाण पाणी कोठे सोडायचे हा नवा प्रश्न उभा राहतो. फलटणच्या जनित्राने वायू धुतलाच नाही. जड कण खाली बसवणारी एक टाकी आणि वायूला गरगरा फिरवून धूळ बाजूला काढणारा चक्रावात विभाजक, एवढ्यातून काढून तो गरमच भट्टीत नेला. गरम असल्याने डांबर वाफेच्या रूपातच राहते आणि बर्नरमध्ये वायूबरोबर जळून उष्णताच देते. इंजिनाला जे विष, ते भट्टीला अन्न!

प्रयोगशाळेत ७०० तासांहून अधिक चाचण्या झाल्यावर हे यंत्र एका धातुकाम कंपनीत, तेलावर चालणाऱ्या विशेष सिरॅमिकच्या भट्टीला जोडले. भट्टी संपूर्णपणे पाचटाच्या वायूवर चालली, आणि माल तेलावर भाजलेल्या मालाच्या तोडीस तोड निघाला. तरीही ७०० तास म्हणजे जेमतेम एक महिना. रचना वर्षाला ७,५०० तास चालावे अशी केली होती. कारखानदार त्या दुसऱ्या आकड्याकडे पाहतो, आणि त्याच्याबरोबर तेलाच्या भावाकडे.

नंदुरबारच्या पऱ्हाटीचे काय? पऱ्हाटी म्हणजे खरे तर लाकूडच. तिची राख पाचटापेक्षा कमी, वजन जास्त. अडचण तिच्या लांब, फांद्या फुटलेल्या आकाराची. तिचे बोट-दोन बोट लांबीचे तुकडे केले तर ती कमान धरत नाही. मात्र हे काम लवकर उरकावे लागते. गुलाबी बोंडअळी पऱ्हाटीच्या उरलेल्या बोंडांत दडून पुढच्या हंगामापर्यंत टिकते, म्हणून शेताजवळ पऱ्हाटी साठवू नका असे कृषी विभाग सांगत असतो. तुकडे करण्याच्या यंत्रात अळीही चिरडली जाते.

वायू बनवण्याचा प्रयोग घरी किंवा शाळेत करू नका, कार्बन मोनॉक्साइडशी खेळ नको. वजनाचा प्रयोग मात्र जरूर करा. तेलाचा १५ लिटरचा रिकामा डबा घ्या. तो एकदा कापलेल्या पाचटाने, एकदा पऱ्हाटीच्या तुकड्यांनी आणि एकदा भुईमुगाच्या टरफलांनी न दाबता भरा. प्रत्येक वेळी आतल्या मालाचे वजन किलोत करून त्याला ६७ ने गुणा. घनमीटरला किती किलो ते मिळेल. मग गुरुजींच्या मदतीने काढा, की तीन टन मालाला केवढी खोली लागेल आणि सव्वा मीटर उंचीची ती भट्टी तासातून किती वेळा भरावी लागेल.