मुक्काम ते मुक्काम : आचरा-तोंडवली-तळाशील किनाऱ्यावरील एका दिवसाचे पदभ्रमण

दीर्घ पल्ल्याच्या पदभ्रमणाचे मूळ एकक म्हणजे एका मुक्कामापासून दुसऱ्या मुक्कामापर्यंतचा एक दिवस होय. स्विस अल्पाइन क्लबची स्थापना १८६३ साली झाली, त्याच वर्षी या संस्थेने डोंगरातील आपली पहिली निवाराझोपडी उभारली आणि आज तिच्या अशा झोपड्या दीडशेहून अधिक आहेत. महाराष्ट्रात अशी साखळी नाही. तथापि मुक्कामांची कल्पना येथे मुळीच परकी नाही. आळंदी-पंढरपूर पालखीमार्ग विसावे आणि मुक्काम यांवरच आखलेला असून पुणे ते सासवड हा दिवे घाटाचा सुमारे ३० किलोमीटरचा टप्पा वारकरी एका दिवसात पार करतात.

मालवण तालुक्यात आचऱ्यापासून वायंगणी, तोंडवलीमार्गे तळाशीलपर्यंत जाणारा वालुकामय किनारा हा या दृष्टीने अभ्यासण्याजोगा टप्पा आहे. अंतर दहा-बारा किलोमीटरच भरते, चढ नाही. १८९२ मध्ये विल्यम नेस्मिथ यांनी मांडलेल्या नियमानुसार सपाटीवर ताशी ३ मैल चालता येते. या हिशेबाने हा टप्पा अडीच तासांत संपावयास हवा, परंतु नेस्मिथ यांच्या डोळ्यांसमोर स्कॉटलंडचे डोंगर होते, कोकणची पुळण नव्हे! १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लेजून व सहकाऱ्यांच्या प्रयोगांत कोरड्या वाळूवर चालण्यास कठीण पृष्ठभागाच्या तुलनेत २.१ ते २.७ पट ऊर्जा लागते, असे आढळले. पाऊल रुतते, वाळू सरकते आणि स्नायूंचे श्रम वाळू हलविण्यात खर्ची पडतात. म्हणून चालावे ते ओहोटीने उघड्या पडलेल्या ओल्या, घट्ट पट्ट्यावरून.

यासाठी किनाऱ्यावरील जुना ठोकताळा उपयोगी पडतो. तिथीच्या अंकाची पाऊणपट केली की भरतीची अंदाजे वेळ मिळते व त्यानंतर सुमारे सहा तासांनी पूर्ण ओहोटी येते. षष्ठीस भरती साडेचारच्या आणि ओहोटी साडेदहाच्या सुमारास. म्हणजे सकाळी सातला निघणाऱ्याच्या पायाखाली पट्टा रुंदावतच जातो. पौर्णिमेस व अमावास्येस मात्र भरती सव्वाअकराच्या आसपास येते आणि तीही उधाणाची. त्या दिवशी उशिरा निघणाऱ्यास ऐन उन्हात भुसभुशीत वाळूतून वाट काढावी लागते. पंचांग पाहून प्रवासास निघण्याच्या प्रथेस निदान येथे तरी भौतिक आधार आहे.

तोंडवलीस सुरूच्या बनांची सावली मिळते. पुढे भूमी निमुळती होत जाते. एका बाजूस अरबी समुद्र, दुसऱ्या बाजूस गड नदीची खाडी आणि मधल्या चिंचोळ्या वाळूच्या पट्टीवर तळाशीलची वस्ती. नदीने आणलेला गाळ व समुद्राच्या लाटा यांच्या परस्परक्रियेतून अशा पट्ट्या घडतात. त्याच लाटा त्यांची धूपही करतात. किनाऱ्यावर दिसणारे मांगर ही मासेमारांची जाळी व साहित्य ठेवण्याची जागा असून ती खाजगी मालमत्ता होय. सावलीस टेकावयाचे झाल्यास विचारूनच टेकावे.

या टप्प्याचा खरा धोका अंतरात नसून शेवटात आहे. तळाशीलच्या टोकाशी वाट संपते. समोर सर्जेकोट दिसतो, मध्ये नदीचे मुख असते. ते ओहोटीतही पायी ओलांडण्याचा प्रयत्न करू नये, कारण उतरत्या पाण्याची ओढ समुद्राकडे असते. होडी मिळेल की नाही, हे आदल्या दिवशीच ठरवून घ्यावे लागते. न मिळाल्यास आल्या वाटेने परतून आतल्या बाजूच्या पुलावरून लांबचा फेरा घेणे एवढाच पर्याय उरतो आणि तोवर भरती लागलेली असते. त्यामुळे शहाणा पदयात्री तोंडवलीतच थांबून होडीची चौकशी करतो आणि उत्तर समाधानकारक नसेल, तर तेथेच एखाद्या घरगुती निवासात मुक्काम टाकतो. जेवणाची वर्दी मात्र सकाळीच दिलेली बरी. मासळी त्या दिवशीच्या रापणीवर अवलंबून असते.